कस डमाटो : मुष्टियोद्धे घडविणारे उस्ताद



आपल्या वार्तापत्रात दर अंकाला एका मोठ्या व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. आजवर संत झाले, शास्त्रज्ञ झाले, क्रांतिकारक झाले, आणि आपण इंदूरचे म्हणून देवी अहिल्याबाईंवर तर एकाहून अधिक वेळा लिहून झाले. या अंकासाठी आम्ही एक शिक्षक निवडले आहेत. मात्र खडू-फळ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते मुलांना ठोसा कसा चुकवावा आणि कसा मारावा एवढेच शिकवीत. त्यांचे नाव कॉन्स्टंटाइन डमाटो. सगळे जग त्यांना कस डमाटो म्हणून ओळखते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात त्यांची बॉक्सिंगची तालीम होती आणि त्यांच्या हाताखालून तीन जगज्जेते निघाले.

आमचे पदवीपर्यंतचे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे. मराठी आम्हाला मिळाली ती घरातून आणि शेजारातून. तेव्हा लिहिण्यात कुठे हिंदीचा सूर लागला तर नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

इंदूरच्या मुलांना आखाडा नवीन नाही. होळकरांच्या काळापासून आपल्या शहरात कुस्तीचा शौक आहे. जुनी जाणकार मंडळी मातीत उतरलेल्या पहिलवानाचा पवित्रा पाहूनच हा पठ्ठा कोणत्या उस्तादाचा ते सांगत असत. हात कसा धरला आहे, पाय किती रुंद टाकला आहे, आधी कोण झोंबतो, यावरून आखाडा ओळखू येई. बॉक्सिंगमध्येही तसेच आहे. तिथे आखाड्याला जिम म्हणतात. एका जिममधली मुले एका साच्यातून निघाल्यासारखी लढतात आणि तो साचा उस्तादाचा असतो. डमाटो यांचे आयुष्य पाहिले म्हणजे हा साचा कसा तयार होतो ते कळते. तो कुठे कमी पडतो, हेही कळते. दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे.

एक डोळा

कस यांचा जन्म १७ जानेवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, इटलीहून आलेल्या एका कुटुंबात झाला. वडील घरोघर बर्फ आणि कोळसा पोहोचविण्याचा धंदा करीत. आई कस लहान असतानाच वारली. वस्ती गरिबांची होती आणि मुलांचे बरेचसे आयुष्य रस्त्यावरच जाई. शाळकरी वयात एका मोठ्या माणसाशी झालेल्या मारामारीत कस यांच्या एका डोळ्याला जबर मार बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. पुढे कोणी उपाशी मारण्याची धमकी देऊन आपल्याला वाकवू नये, म्हणून पोरवयात ते मुद्दाम काही दिवस न खाता राहून पाहत, असेही त्यांच्याविषयी सांगतात. स्वभाव किती हट्टी होता, हे यावरून कळावे.

डोळा गेल्यामुळे व्यावसायिक बॉक्सर होण्याचा रस्ता बंद झाला. पण शिकविण्यासाठी एक डोळा पुरेसा होता. १९३० च्या दशकात त्यांनी मॅनहॅटनमध्ये पूर्व चौदाव्या रस्त्यावर ग्रॅमर्सी जिम या नावाने तालीम सुरू केली. पुढे कित्येक वर्षे ते त्या जिममध्येच खाट टाकून राहत. लग्न केले नाही. पैशाची फिकीर केली नाही. हाती आलेला पैसा मुलांवर आणि अडल्यानडल्या माणसांवर खर्च होऊन जाई.

जिम इमारतीच्या वरच्या भागात होती. तिथे जायला लांब, अंधारा, करकरणारा जिना होता. वरून ठोशांचे आणि पिशव्या बडविण्याचे आवाज येत. कस नव्या मुलाची पहिली परीक्षा या जिन्यावरच घेत. मुलाला त्याचे काही कळू देत नसत. मुलगा एकटा वर आला, की कोणाचा हात धरून आला, ते बघायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, की आलाच नाही, तेही बघायचे. जो एकटा आला आणि भीती वाटूनही दुसऱ्या दिवशी परत आला, त्याचे निम्मे शिक्षण तिथेच झाले असे ते मानीत.

भीतीचा पाठ

त्यांच्या जिममध्ये पहिला पाठ ठोशाचा नसे, भीतीचा असे. मुलाला समोर बसवून ते समजावीत की भीती सगळ्यांनाच वाटते. शूर माणसाला वाटते तीच भीती भित्र्यालाही वाटते. दोघांच्या पोटात सारखाच गोळा येतो. फरक असतो तो त्यानंतर माणूस काय करतो यात. भीतीला ते अग्नीची उपमा देत. चुलीत राहिला तर अग्नी अन्न शिजवतो, थंडीत ऊब देतो. चुलीबाहेर पडला तर तोच घर जाळतो. म्हणून भीती घालवू नका, तिला चुलीत ठेवायला शिका, असा या पाठाचा मथितार्थ होता.

परीक्षेच्या आदल्या रात्री ज्यांना झोप लागत नाही, त्या आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी एवढा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

दोन्ही हात गालांवर

आता त्यांच्या पद्धतीविषयी. त्या काळी बॉक्सर सहसा अंग तिरके करून उभा राहत असे. डावा पाय पुढे, डावा हात पुढे लांबविलेला, उजवा हात हनुवटीजवळ. डाव्या हाताने समोरच्याला दूर ठेवायचे आणि संधी मिळताच उजव्याने मारायचे, अशी ती रीत होती. उंच आणि लांब हातांच्या खेळाडूला ती सोयीची होती.

कस यांनी मुलांना दोन्ही मोजे गालांच्या हाडांना टेकवून धरायला शिकविले. कोपरे बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी खाली, छाती बरीचशी समोर, पाय नेहमीच्या रीतीपेक्षा समांतर. असा उभा राहिलेला बॉक्सर मुठींच्या आडून डोकावतो आहे असे दिसते. तान्ह्या बाळासमोर आपण तोंड हातांनी झाकतो आणि एकदम उघडून त्याला हसवतो, त्या खेळाला इंग्रजीत पीक-अ-बू म्हणतात. टीकाकारांनी चेष्टेने तेच नाव या पद्धतीला दिले आणि ते कायमचे चिकटले.

चेष्टा करणाऱ्यांना वाटे की हा नुसता लपण्याचा प्रकार आहे. खरे तर त्यामागे हिशेब होता. दोन्ही हात हनुवटीपासून सारख्याच अंतरावर असल्याने ठोसा उजवा येणार की डावा, हे समोरच्याला ओळखता येत नाही. पाय समांतर असल्याने दोन्ही बाजूंना झटकन वळता येते. मुख्य म्हणजे डोके एका जागी कधी राहत नाही. ठोसा यायच्या आधी ते हलते आणि ठोसा मारून झाल्यावरही हलते. समोरच्याचा ठोसा हवेत गेला, की त्याची बाजू क्षणभर उघडी पडते. तेवढ्यात एक पाऊल बाजूला टाकून आत शिरायचे आणि एकामागून एक ठोसे मारायचे. थोडक्यात, आधी चुकवायला शिका, मग मारायला. चुकविणे हाच मारण्याचा आरंभ.

अशी सवय नुसत्या सांगण्याने लागत नाही. त्यासाठी जिममध्ये साधने होती. दोरीला एक लहानशी पिशवी टांगलेली असे. तिला झोका द्यायचा आणि ती डोक्याकडे येईल तेव्हा हात न लावता फक्त मान आणि कंबर हलवून चुकवायची. हे रोज, शेकडो वेळा. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी-निमकीचे पाढे जसे घोकले, तसेच हे. विचार करायला वेळ नसतो तेव्हा घोकलेलेच कामाला येते.

या पद्धतीची उणीवही सांगायला हवी. ती फार दमवणारी आहे. सतत वाकणे, हलणे आणि आत शिरणे यांसाठी मांड्यांत ताकद आणि छातीत दम लागतो. झेप घेताना पाय क्षणभर जागा सोडतात, तेव्हा तोल जाण्याची भीती असते. सराव थोडा कमी झाला की डोके हलायचे थांबते. डोके थांबले की मग समोर छाती करून उभा असलेला तोच बॉक्सर सोपे लक्ष्य होतो.

पहिला शिष्य : फ्लॉइड पॅटरसन

फ्लॉइड पॅटरसनचा जन्म १९३५ चा, उत्तर कॅरोलायना राज्यातला. वाढला तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत. अतिशय लाजरा मुलगा. शाळा चुकवून तो भुयारी रेल्वेच्या स्थानकातील एका लहानशा खोलीत तासन्‌तास अंधारात लपून बसे. छोट्यामोठ्या चोऱ्यांमुळे त्याला अडचणीतल्या मुलांसाठी असलेल्या विल्टविक शाळेत पाठविण्यात आले. तिथल्या मायेच्या वातावरणात तो सावरला. चौदा वर्षांचा असताना आपल्या भावांच्या मागोमाग तो ग्रॅमर्सीचा जिना चढला.

अंधारात लपणाऱ्या या मुलाला दोन मुठींच्या आडची जागा मानवली असावी, असे आम्हाला नेहमी वाटते. त्याचे हात विजेसारखे चपळ होते. कस यांनी त्या चपळाईला अनुसरूनच त्याला घडविले. मुठींच्या आडून एकदम झेप घेऊन मारलेला डावा ठोसा ही पॅटरसनची खूण झाली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पॅटरसनने मिडलवेट गटाचे सुवर्णपदक मिळविले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. आपल्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले ते याच हेलसिंकीत. पुढे ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागो येथे आर्ची मूरला पाचव्या फेरीत हरवून पॅटरसन हेवीवेट जगज्जेता झाला. वय २१. इतक्या लहान वयात हे पद त्यापूर्वी कोणीच मिळविले नव्हते.

त्या काळात अमेरिकेतील मोठ्या लढती भरविण्याची जवळजवळ सारी सत्ता इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या संस्थेकडे होती. तिच्या कारभारावर गुन्हेगारी टोळ्यांचे वजन होते. कस यांनी तिच्याशी व्यवहार करायला साफ नकार दिला. जगज्जेत्याचा उस्तादच असा अडून बसल्यामुळे संस्थेची पंचाईत झाली. अखेर १९५९ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने त्या संस्थेची मक्तेदारी मोडली. कस यांचा हा लढा मोठा होता. परंतु संशयाने त्यांचा पिच्छा कधी सोडला नाही. शिष्याला जपण्याच्या नादात ते त्याच्यासमोर फार सोपे प्रतिस्पर्धी उभे करतात, अशी टीका झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. १९५७ मध्ये तर पॅटरसनची लढत पीट रॅडमाकरशी झाली. रॅडमाकर ऑलिंपिक विजेता खरा, पण व्यावसायिक म्हणून त्याची ती पहिलीच लढत होती.

२६ जून १९५९ रोजी स्वीडनच्या इंगेमार जोहान्सनने पॅटरसनला तिसऱ्या फेरीत सात वेळा खाली पाडून पद हिसकावले. त्या लढतीमागच्या व्यवहारांची चौकशी झाली आणि कस यांचा न्यूयॉर्कमधील परवाना काढून घेण्यात आला. शिष्याचे पद गेले, गुरूचा परवाना गेला. पण पॅटरसन पुन्हा पुन्हा उठून उभा राहिला होता, हे विसरून चालणार नाही. एका वर्षाने, २० जून १९६० रोजी, त्याने जोहान्सनला पाचव्या फेरीत हरवून पद परत मिळविले. हेवीवेटमध्ये गेलेले पद परत मिळविणारा तो पहिलाच. बेशुद्ध पडलेल्या जोहान्सनजवळ गुडघे टेकून तो त्याला सावरीत होता.

त्यानंतर सॉनी लिस्टनचे आव्हान आले. ही लढत घेऊ नये असे कस यांचे मत होते. पॅटरसनने ऐकले नाही. २५ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे ९७ किलोंचा लिस्टन आणि ८६ किलोंचा पॅटरसन समोरासमोर आले. पहिल्याच फेरीत पॅटरसन हरला. लाजेने खोटी दाढी-मिशी लावून तो शिकागोहून रातोरात निघून गेला. गुरुशिष्यांचे मार्गही वेगळे झाले. भीतीचा पाठ त्याने पाठ केला होता, पण शरमेचा पाठ कोणी घेतला नव्हता.

दुसरा शिष्य : होसे टोरेस

होसे टोरेस प्वेर्तो रिको बेटावरचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याला रौप्यपदक मिळाले होते. त्याच्या ठोशांची खासियत अशी की ते डोक्याइतकेच बरगड्यांवर आणि पोटावरही पडत. जगज्जेतेपदासाठी त्याची गाठ विली पास्त्रानोशी पडणार होती. पास्त्रानो पायांनी अतिशय चपळ होता, सहज हाती लागणारा नव्हता.

कस यांनी एक नवे साधन तयार केले. गाद्या गुंडाळून उभ्या केल्या, त्यांवर माणसाची आकृती काढली आणि डोके, हनुवटी, बरगड्या, यकृत अशा ठिकाणी आकडे लिहिले. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरावीक ठोसा. मग स्वतःच्या आवाजात आकड्यांच्या मालिका टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या. टेप सुरू झाली की आकडे भराभर ऐकू येत आणि मुलाने त्याच क्रमाने त्या जागांवर ठोसे मारायचे. हळूहळू वेग वाढवायचा. प्रतिस्पर्ध्याच्या नावावरून या साधनाला विली असेच नाव पडले.

३० मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टोरेसच्या पोटावरील ठोशाने पास्त्रानो सहाव्या फेरीत खाली बसला. नऊ फेऱ्यांनंतर लढत थांबविण्यात आली आणि टोरेस लाइट हेवीवेट जगज्जेता झाला. बॉक्सिंग सोडल्यावर त्याने लेखणी हाती घेतली, मुहम्मद अली आणि माइक टायसन यांच्यावर पुस्तके लिहिली. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग नियामक मंडळाचा तो अध्यक्षही झाला. २००९ मध्ये त्याचे निधन झाले. तीन शिष्यांमध्ये गुरूची विद्या रिंगणाबाहेरही सर्वांत निर्वेधपणे वापरली ती यानेच, असे आमचे मत आहे.

कॅटस्किलचे घर आणि तिसरा शिष्य

१९७१ मध्ये कस यांनी दिवाळे जाहीर केले. शहर सोडून ते न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीजवळच्या कॅटस्किल या छोट्या गावी राहू लागले. गावातल्या पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची नवी जिम होती. कमिल युआल्ड या त्यांच्या सहचारिणीच्या मोठ्या घरात अनेक मुले राहत. कमिल त्यांना जेवू घालीत आणि घरची कामेही करायला लावीत. गुरुगृही राहून शिकण्याची आपली जुनी रीत होती, तिची आठवण व्हावी असे ते घर होते.

१९८० मध्ये ट्रायॉन येथील बालसुधारगृहातले कर्मचारी बॉबी स्टुअर्ट एका तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. स्टुअर्ट स्वतः पूर्वी बॉक्सर होते. मुलगा ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतला, वजन त्याच वयात ८६ किलोंच्या आसपास. नाव माइक टायसन. त्याचा थोडा वेळ सराव पाहूनच हा पुढे जगज्जेता होणार असे कस यांनी सांगून टाकले. ते तेव्हा ७२ वर्षांचे होते. मुलाची आई वारल्यावर ते त्याचे कायदेशीर पालक झाले.

टायसनची उंची साधारण पाच फूट दहा इंच, म्हणजे हेवीवेट बॉक्सरच्या मानाने कमीच. लांबून लढला असता तर तो उंच खेळाडूंपुढे टिकला नसता. पण वाकून, हलून, ठोसे चुकवून आत शिरण्याची कस यांची पद्धत जणू त्याच्यासाठीच बनली होती. दिवसा टांगलेल्या पिशवीसमोर आणि आकड्यांच्या गाद्यांसमोर सराव चाले. रात्री जिम जेकब्स यांच्या संग्रहातील जुन्या लढतींचे चित्रपट पडद्यावर लावून तो जुने बॉक्सर पाही. पॅटरसनची पद्धत चपळाईची होती, टोरेसची अचूकतेची. टायसनने त्याच साच्यात प्रचंड ताकद ओतली.

इथे या चरित्रातला अवघड भाग येतो. कॅटस्किलच्या जिममध्ये टेडी ॲटलस नावाचा तरुण प्रशिक्षक कस यांच्या हाताखाली काम करीत होता. तो स्वतः वाया जाता जाता या जिममुळे सावरलेला. इतर मुलांनी शाळेत गैरवर्तन केले तर त्यांचा सराव बंद करायचा, हा जिमचा नियम. टायसनला हा नियम लागू केला जात नाही, अशी ॲटलसची तक्रार होती. कस वृद्ध झाले होते. आपल्या हयातीत आणखी एक हेवीवेट जगज्जेता पाहण्याची त्यांना घाई होती, असे ॲटलसने पुढे आपल्या आठवणींत मांडले. टायसनच्या वर्तनावरून १९८२ मध्ये दोघांत कायमचे बिनसले आणि ॲटलस बाहेर पडला. त्यानंतर टायसनचा सराव त्याच जिममध्ये तयार झालेल्या केव्हिन रूनी यांनी घेतला. ॲटलसही वाया गेला नाही. १९९४ मध्ये त्याचा शिष्य मायकेल मूरर हेवीवेट जगज्जेता झाला.

६ मार्च १९८५ रोजी टायसनची पहिली व्यावसायिक लढत झाली. त्याने अकरा लढती जिंकल्या तोवर कस आजारी पडले आणि ४ नोव्हेंबर १९८५ रोजी न्युमोनियाने न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय ७७. नऊ दिवसांनी टायसन पुन्हा रिंगणात उतरला आणि जिंकला. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगास येथे ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत हरवून तो जगज्जेता झाला. वय २० वर्षे ४ महिने. सर्वांत लहान हेवीवेट जगज्जेत्याचा पॅटरसनचा विक्रम मोडला तो गुरुबंधूनेच. हे पाहायला गुरू मात्र नव्हते.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १९८८ मध्ये टायसनने रूनींना दूर केले. हळूहळू डोके हलेनासे झाले, आकड्यांच्या मालिका विसरल्या, एकेका जबर ठोशावर भिस्त राहिली. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने लांबून ठोसे मारीत त्याला दहाव्या फेरीत चीत केले. रिंगणाबाहेर त्याहून वाईट झाले. १९९२ मध्ये एका तरुणीवर बलात्कार केल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरून तो तुरुंगात गेला.

पॅटरसनचे मात्र वेगळे झाले. पराभवाच्या लाजेने तोंड लपविणारा हा माणूस पुढे न्यू पाल्ट्झ या गावी स्वतः मुलांना शिकवू लागला. त्याचा दत्तक मुलगा ट्रेसी १९९२ मध्ये जगज्जेता झाला. पॅटरसन २००६ मध्ये वारला. कस डमाटो यांचे नाव १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये कोरले गेले.

आमच्या मनात काय राहिले

जिम मुलाला पवित्रा देते. पवित्रा म्हणजे सवय, आणि सवय रोजच्या सरावाने लागते. कस यांचे मोठेपण असे की तोच साचा त्यांनी लाजऱ्या मुलाला एका रीतीने, विचारी मुलाला दुसऱ्या रीतीने आणि बुटक्या-दणकट मुलाला तिसऱ्या रीतीने वापरायला शिकविले. परंतु नियमाचेही तसेच आहे. नियमसुद्धा रोज पाळला तरच अंगात मुरतो. सर्वांत हुशार मुलाला त्यातून सूट दिली, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती तोच कोरडा राहतो. टायसनच्या पुढच्या वागण्याचा सारा दोष गुरूच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. त्याने जे केले त्याला तो स्वतः जबाबदार आहे. तरी शिक्षक म्हणून आमच्या मनाला ही गोष्ट लागते.

लागण्याचे कारणही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना वर्गात एक मुलगा धावण्यात फार पुढे होता. तो तास बुडवायचा, गृहपाठ करायचा नाही, शिपायालाही उलटून बोलायचा. स्पर्धा जवळ आली आहे, पदक येऊ द्या, मग पाहू, असे म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. पदक आले. शाळेच्या कपाटात लागले. मुलगा दहावीत नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. काही वर्षांनी खेळाडू म्हणून पोलीस भरतीत त्याला संधी होती, पण अर्जासोबत जोडायला दहावीचे प्रमाणपत्र नव्हते. तो आम्हाला भेटायला आला तेव्हा रागावलेला नव्हता. काही उपाय आहे का, एवढेच विचारीत होता. आमच्यापाशी उपाय नव्हता.

म्हणून या सत्रापासून आपल्या शाळेत एक गोष्ट ठरविली आहे. खेळाडू विद्यार्थ्याला वेळेची सवलत मिळेल, बुडालेल्या अभ्यासासाठी जादा तास मिळतील, चाचणी नंतर देता येईल. वागणुकीच्या नियमात मात्र सवलत मिळणार नाही. तो जिल्ह्यात पहिला असला तरी नाही, आणि उद्या सामना असला तरी नाही. काही पालकांना हे कठोर वाटेल. त्यांनी अवश्य येऊन भेटावे, आम्ही बोलायला तयार आहोत.

सकाळचा सराव साडेसहाला मैदानावर सुरू होतो. पालकांनी मुलाला फाटकापर्यंत सोडावे. फाटकातून आत त्याने एकट्याने यावे. पहिल्या दिवशी भीती वाटली तर वाटू द्यावी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो की नाही, ते आम्ही फाटकापाशी उभे राहून बघणार आहोत.